परमुलुखातील बाजारहाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांतील नाटके, गणेशोत्सव, ग्रंथालय यांविषयी बोलणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. आमचा तो अधिकार नाही. आम्ही १९७४ साली या शहरात आलो तेव्हा ते कलकत्ता होते. कोलकाता हे नाव २००१ साली अधिकृत झाले. एवढ्या वर्षांत या मुलुखाविषयी जे थोडेबहुत ज्ञान आमच्या पदरी पडले, त्यातील बहुतेक बाजारात पडले. म्हणून कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'बाजारहाट' असे सांगितले. विषय सामान्य आहे हे आम्ही जाणतो. परंतु घरापासून दूर संसार मांडणाऱ्याला पहिल्या सकाळी मीठ, मिरची आणि तेल यांचीच चिंता असते, आणि त्यासाठी पिशवी घेऊन खाली उतरावेच लागते. परका मुलूख म्हणजे काय, हे त्या पिशवीबरोबरच कळू लागते.

भवानीपुरात भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आम्ही पाव किलो मोहरी मागितली. पुडी बांधून मिळाली. घरी कढईत तेल तापल्यावर ती उघडली तर आत बडीशेप. बंगालीत बडीशेपेला 'मौरी' म्हणतात आणि मोहरीला 'शोर्षे'. आम्ही मोहरी म्हणालो, त्याने मौरी ऐकले. त्या दिवशीचे वरण कसे लागले हे येथे सांगत नाही. पुढे आषाढी एकादशी आली. शिंगाडा मागितला तर समोर बटाट्याचे सारण भरलेला गरमागरम समोसा ठेवला गेला. येथला शिंगाडा तो हाच. आपल्या शिंगाड्याला 'पानीफल' म्हणावे लागते. तिसरा धडा पाल्ल्याचा. बटाट्याचा भाव विचारला, तो जरा चढा वाटला, पण नव्या गावात घासाघीस कशी करावी म्हणून 'द्या' म्हटले. बटाटे पिशवीत पडू लागले ते थांबेनात. घाऊक भाव पाल्ल्यावर सांगतात आणि एक पाल्ला म्हणजे पाच किलो, हे त्या दिवशी हमालासारखे चालत घरी येताना आमच्या खांद्याला कळले.

याच बाजारात आणखी एक गोष्ट कळली, ती हसण्यावारी नेता आली नाही. आम्ही महाराष्ट्रातले, हे ऐकून एका वृद्ध भाजीवाल्याने 'बोर्गी!' असे म्हणून हसत हात जोडले. बोर्गी म्हणजे आपला बारगीर. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. त्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणावयास घेतला गेला, आणि बंगाली अंगाईगीतात बोर्गींचे भय कायमचे जाऊन बसले. शाळेच्या पुस्तकात आम्ही जे पराक्रमाच्या सदरात वाचले होते, ते येथे आईने मुलाला झोपवताना भयाच्या सदरात येते. भाजीवाल्याच्या मनात काही किल्मिष नव्हते. त्याने वर दोन मिरच्या जास्तच घातल्या. परंतु आपण जेथे भाजी विकत घेतो तेथे आपल्या आधी आपले नाव पोचलेले असते, आणि ते कसे पोचले याची आपल्याला दखलही नसते, हा विचार आमच्या मनातून गेला नाही.

हळूहळू वाटा सापडत गेल्या. कढीलिंब, ओला नारळ आणि मोगऱ्याचे गजरे लेक मार्केटात, कारण त्या भागात दाक्षिणात्य मंडळींची वस्ती. शेंगदाण्याचे तेल, बेसन, पापड भवानीपुरातील गुजराती दुकानांत. दगडफूल, नागकेशर, तमालपत्र आणि बाजरी बडाबाजारातील मारवाडी पेढ्यांवर. म्हणजे मराठी स्वयंपाक बंगालच्या राजधानीत उभा राहिला तो तमिळ, गुजराती आणि मारवाडी हातांनी. पोह्यांना 'चिंडे', रव्याला 'शुजी', कुरमुऱ्यांना 'मुडी' म्हणावयाचे, एवढे पाठ झाल्यावर अर्धी चिंता मिटली. चैत्रात गडियाहाटच्या पदपथांवर सेल लागतो. वर्षाचे पडदे, चादरी आणि मुलांचे घरातले कपडे तेव्हा घ्यावयाचे आणि दुर्गापूजेच्या आधीच्या महिन्यात कापडदुकानाची पायरी चढावयाची नाही, हेही अनुभवाने उमगले.

कपड्यांच्या खरेदीत मात्र शब्द पुरत नाहीत, तेथे रीती आड येतात. १९७५ च्या संक्रांतीला आमच्या सौ.ना काळी साडी हवी होती. लग्नानंतरची पहिलीच संक्रांत. गडियाहाटच्या दुकानदाराने काळी साडी काढली, दाखवली. पण नव्या सुनेला सणासाठी हवी आहे हे कळताच तिची घडी घालून ती परत ठेवू लागला. सणाला काळे नेसवून या मुलीचे कोणी अकल्याण योजले आहे, असाच त्याचा समज झाला असावा. त्याच भावात लाल साडी देण्यास तो तयार होता. आमच्याकडे थंडीत काळे वस्त्र ऊब देते म्हणून या एका सणाला ते शुभ मानतात, त्यावर पांढऱ्या हलव्याचे दागिने घालतात, हे मोडक्या बंगालीत सांगताना आमची पुरेवाट झाली. शेवटी त्याने काळी साडी दिली, पण तिला तांबडा काठ असलेलीच. पुढे कित्येक वर्षे संक्रांतीच्या आधी आम्ही त्या रस्त्याने गेलो की तो स्वतःच हाक मारून विचारी, "यंदा काळी लागेल ना?"

आता मंडळाच्या इतिहासात नोंद न झालेल्या एका संस्थेविषयी बोलावयाचे आहे. ती म्हणजे 'यादी'. जुन्या सभासदांना आठवत असेल. मे महिन्यात कोणी ना कोणी पुण्या-मुंबईस जाई. १९७७ साली गीतांजली एक्सप्रेस सुरू झाल्यावर हे जाणे-येणे थोडे सुकर झाले. जाणाऱ्याजवळ सर्व घरांची मिळून एक यादी दिली जाई: गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, कुळीथ पीठ, सांडगे, भाजणी, दिवाळी अंक, पंचांग, कुंकू, लुगडी, खण. सामान आले की एका रविवारी कोणाच्या तरी घरी तागडी मांडून वाटप होई आणि त्या निमित्ताने चहा-पोहे होत. मंडळाच्या वार्षिक सभेपेक्षा या वाटपाला उपस्थिती अधिक असे, हे आजच्या पदाधिकाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. आणणाऱ्यावर फार भार नको म्हणून दर घरी पाच किलोची मर्यादा ठरली होती.

या यादीचा आम्हांस मोठा अभिमान वाटे. आम्ही आमचे खाणे, आमचे नेसणे परमुलुखात जपून आहोत, असे आम्ही म्हणत असू. त्या वेळी कोणी आमच्या लक्षात आणून दिले नाही की, त्या यादीतील इरकली लुगडी कर्नाटकातील इलकलची, खण गुळेदगुड्डचे, चुडा फिरोजाबादचा, साबुदाणा तमिळनाडूतील सेलमकडचा, आणि ज्या हिंगाशिवाय आमची आमटी अडत होती तो अफगाणिस्तानातून येणारा. जे 'आपले' म्हणून आम्ही कवटाळीत होतो ते आपल्या पणज्यांनीही परक्यांकडूनच विकत घेतलेले होते. वापरून वापरून ते आपले झाले होते.

आणि आता जे सांगावयाचे आहे ते अभिमानाचे नाही.

१९७९ साली वडील वारले आणि आमच्या मातोश्री आमच्याकडे राहावयास आल्या. आई जन्मभर नऊवारी नेसली. येताना तिच्या ट्रंकेत चार लुगडी होती. घरची यादी तीच लिहून काढी. अक्षर चांगले, आणि कोणाला काय आवडते हे तिच्या ध्यानात राही. नातवंडांचे मेतकूट, सुनेची भाजणी, आमची आमसुले, सर्व व्यवस्थित लिहिलेले असे. आम्ही वरवर नजर टाकून यादी पुढे देत असू. अशी चार वर्षे गेली.

१९८३ च्या श्रावणात एके दिवशी शेजारच्या बौदी वाळवणापाशी उभ्या होत्या. बौदी म्हणजे वहिनी. शेजारच्या सुनेला येथे याच नात्याने हाक मारतात. दोरीवरचे आईचे लुगडे हातात धरून त्यांनी विचारले, "माशीमा, शाडीते जोडा केनो?" लुगड्याला जोड कशाला? आई काही बोलली नाही. आम्ही जवळ जाऊन पाहिले. लुगड्याला दंड घातलेला होता. आजच्या मुलींना हा शब्द ठाऊक नसेल. दोन लुगडी विरली की त्यांतील धड भाग कापून एकमेकांना शिवावयाचे आणि एक लुगडे करावयाचे, त्याला दंड घालणे म्हणतात. पूर्वी गरिबाघरी हे सर्रास चाले. आमच्या घरी त्याची गरज नव्हती. चारांची दोन झाली होती, आणि ती दोनही विरत आली होती.

आम्ही विचारले, "अगं, यादीत लिहिले का नाहीस?" तेव्हा आई म्हणाली, "पाच किलोंत बसत नव्हतं रे. एका लुगड्याच्या वजनात पोरांचं वर्षाचं मेतकूट येतं."

चार वर्षे आम्ही जी यादी मोठ्या अभिमानाने मंडळाच्या हाती देत होतो, ती लिहिणारीचीच गरज तीत नव्हती, आणि ती आमच्यापैकी कोणाला दिसली नव्हती. दिसली ती बंगाली शेजारणीला, जिला लुगडे म्हणजे काय हेही धड माहीत नव्हते. त्या दिवशी जेवताना आमच्या घशाखाली घास उतरला नाही.

पुढची व्यवस्थाही बौदींनीच केली. नादिया जिल्ह्यात फुलिया हे विणकरांचे गाव आहे. सियालदहहून शांतिपूरच्या लोकलने जावयाचे. त्यांच्या माहेरच्या ओळखीचा एक विणकर तेथे होता. भाद्रपदात एका रविवारी आम्ही, सौ. आणि बौदी असे तिघे गेलो. घरोघर मागांचा खटखटाट चालला होता. विणकराला आम्ही नऊ वार सांगितले. त्याला वाराचा हिशेब नको होता, हाताचा हवा होता. एक हात म्हणजे अठरा इंच, अर्धा वार. बंगाली साडी बारा हातांची. त्याने बोटांवर मोजले आणि आश्चर्याने विचारले, "आठारो हात?" मग तो हसला. हिशेब अगदी सोपा होता: बारांची दीडपट अठरा. तीन साड्यांच्या ताण्यात दोन लुगडी बसतात. पन्हा तोच, काठ तेच. फक्त पदर तीनदा विणण्याऐवजी दोनदा विणावयाचा आणि कात्री कोठे लावावयाची ते लक्षात ठेवावयाचे.

अडचण दुसरीच होती. सूत महाजनाचे, विणकराला मिळे ती मजुरी. त्यामुळे दोन लुगड्यांना तीन साड्यांचे दाम मोजावे लागतील असे त्याने स्पष्ट सांगितले. आणि पूजेपूर्वी माग मोकळा नाही, लक्ष्मीपूजेनंतर या. बंगालची लक्ष्मीपूजा ती आपली कोजागरी. बोलता बोलता कळले की त्याचे वडील फाळणीनंतर टांगाईलहून, म्हणजे आज जे बांगलादेशात आहे त्या गावाकडून, आले होते. फुलियात विणलेल्या त्या साडीला लोक अजूनही टांगाईलच म्हणतात. २०२४ साली या साडीच्या भौगोलिक नावाची नोंद भारताने केली आणि मागोमाग बांगलादेशानेही केली. त्या बातम्या वाचताना आम्हांस तो माग आठवला. त्याचे घर हरवले होते, विणण्याची रीत त्याने बरोबर आणली होती, आणि त्याच रीतीतून तो आमच्या आईसाठी एक अनोळखी वस्त्र विणावयास तयार झाला होता.

कोजागरीनंतर लुगडी आली. एक फिकट निळे, एक करड्या रंगाचे, दोहोंना बारीक काठ. त्यांना लाह्यांची खळ दिलेली होती, त्यामुळे पहिल्या दिवशी काष्टा पाठीमागे लाकडाच्या फळीसारखा उभा राहिला आणि नातवंडांची हसून मुरकुंडी वळली. दोन धुण्यांनंतर सूत मऊ झाले. आईने लुगड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हलकं आहे. कलकत्त्याच्या उकाड्यात हेच बरं." आमच्या इरकलीचा जाडेपणा तिला येथे चार उन्हाळे सोसत नव्हता, हेही आम्हांस त्याच दिवशी कळले.

कापड घेताना ते कोठले, कोणाच्या हातचे, हा प्रश्न बंगालला विचारावयास लावणाऱ्यांत एक आपला माणूस होता, हे येथे नमूद करणे उचित होईल. सखाराम गणेश देऊस्कर, जन्म १८६९, देवघरजवळच्या एका मराठी कुटुंबातील. 'हितवादी' या बंगाली पत्रात त्यांनी काम केले आणि १९०४ साली 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालीत लिहिले. देशाचे धन आणि देशातील धंदे कसे लयास चालले आहेत याचा आकड्यांनिशी हिशेब त्यात होता. पुढच्याच वर्षी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. १९१० मध्ये सरकारने ते पुस्तक जप्त केले आणि १९१२ मध्ये देऊस्कर वारले. बोर्गींच्या मुलुखातील वंशज बंगाली घरांना त्यांच्याच भाषेत त्यांच्या विणकराविषयी सांगतो आणि ते ऐकतात, हे घडले ते त्याने येथली भाषा आपली केली म्हणून.

मंडळींनो, आता यादी उरलेली नाही. गोडा मसाला पाकिटातून मिळतो, शिवलेली नऊवारी दूरध्वनीवर बोट ठेवून मागवता येते आणि दोन-चार दिवसांत दाराशी येते. पाच किलोंची मर्यादा नाही. हे चांगलेच झाले. आमच्या पिढीने सोसले म्हणून पुढच्या पिढीनेही सोसावे असे म्हणणे हा वृद्धांचा दुष्टपणा आहे. परंतु नोकरीनिमित्त या शहरात नव्याने येणाऱ्या तरुण जोडप्यांना आम्ही पाहतो, तेव्हा एक गोष्ट मनाला लागते. त्यांना मोहरीऐवजी बडीशेप मिळण्याचा प्रसंग येत नाही, आणि म्हणून दुकानदाराशी, शेजारणीशी दोन शब्द बोलण्याचाही येत नाही. वस्तू पोचते, ओळख पोचत नाही. आणि ज्या घरात आई किंवा सासूबाई नव्याने आल्या असतील, त्या घरी दोरीवरचे वस्त्र हातात घेऊन प्रश्न विचारणारी बौदी कोठून यावी?

म्हणून मंडळाला आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली, नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाबरोबर एका जुन्या सभासदाने एका रविवारी सकाळी बाजारात जावे. लेक मार्केट दाखवावे, बडाबाजार दाखवावा, पाल्ला म्हणजे किती हे सांगावे, आणि शक्य तर बरोबर एखादा बंगाली शेजारी न्यावा. दुसरी, मंडळाने वर्षातून एकदा घरोघरच्या ज्येष्ठांना काय हवे आहे हे स्वतः जाऊन विचारावे, आणि त्यांच्या लेकी-सुनांच्या तोंडून न विचारता त्यांच्याच तोंडून विचारावे. 'मला काही नको' असे उत्तर आले तर तेवढ्यावर परत फिरू नये. थोडे बसावे, चहा घ्यावा आणि वाळवणाकडे एक नजर टाकावी.

आई १९९५ साली गेली. त्या दोन लुगड्यांपैकी निळे विरून गेले होते. करडे बौदींनी मागून नेले. सहा महिन्यांनी त्याची काँथा शिवून त्यांनी आमच्या घरी आणून दिली. जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून बारीक टाके घालतात ती बंगाली काँथा. आपल्या गोधडीची सख्खी बहीण. अठरा हातांचे कापड असल्यामुळे थर भरपूर बसले, असे त्या म्हणाल्या. हिवाळ्यात आम्ही ती अजून पांघरतो.